मोठा मास्टर बसवला म्हणून घाटात ब्रेक धरत नाही

आंब्याचा हंगाम आला की पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: घाटात ब्रेक गेला म्हणजे मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) गेला. एक साइझ मोठा मास्टर बसवा, ब्रेक दुप्पट धरेल. गळती नसेल तर ब्रेक ऑइल बदलणं म्हणजे पैसे फुकट. मास्टर खराब झालाच तर आतले रबर बदलायचं किट घाला, नवा घेऊ नका. आणि शेवटी, ‘सर्व ट्रकवाल्यांना पाठवा’. कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंत स्पेअरच्या काउंटरवर मग ‘मोठोच व्हयो’ असा आग्रह सुरू होतो.

या मोठ्या मास्टरचंच आधी बघू, कारण यातला सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. सात सुताचा (७/८ इंच बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा) मास्टर काढून एक इंची बसवला, तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतं. पायाचा जोर तेवढाच राहिला आणि तो जास्त क्षेत्रफळावर वाटला गेला, की लाइनमधला दाब घटतो. हिशेब केला तर दाब जवळजवळ २३ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे तेवढाच ब्रेक लागायला पाय आधीपेक्षा साधारण ३१ टक्के जास्त जोराने दाबावा लागेल. मोठा मास्टर जास्त देतो ते ऑइल, दाब नव्हे. ऑइल जास्त सरकतं म्हणून पेडल थोडं दाबल्यावरच वर कडक लागतं, आणि ड्रायव्हरला वाटतं, वा, काय ब्रेक झालाय! रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर हे खपून जातं. भरलेल्या गाडीला उतारावर खपत नाही. चाकातले सिलेंडर, कॅलिपर, पेडलची लांबी आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर यांचा मेळ बघून कंपनीने बोअर ठरवलेला असतो. त्यातला एकच आकडा बदलून कसं चालेल? मास्टर घेताना चासिस नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि जुन्या मास्टरवर उठवलेला बोअर त्याच्याशी ताडून बघा. बोल्ट बसतात, पाइप जुळतात, एवढ्यावरून मास्टर तोच आहे असं ठरत नाही.

आता ‘ब्रेक गेला म्हणजे मास्टर गेला’. फोंडा किंवा करूळ घाट आंबा नाहीतर मासळी घेऊन चढताना ब्रेकला फारसं काम नसतं. परीक्षा परतीच्या वाटेवर होते, कोल्हापूरहून भाजी, साखर, सिमेंट भरून खाली उतरताना. सतत पाय ब्रेकवर राहिला की ड्रम तापतो, ड्रममुळे चाकातला सिलेंडर तापतो आणि आतल्या ऑइलला उकळी फुटते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे पेडल थेट फळीला टेकतं. पायथ्याशी अर्धा तास गाडी उभी केली की पेडल परत वर. मास्टरचे रबर गेले असते तर थंड झाल्यावर ते बरे झाले नसते!

तरीही लोकांचा या मेसेजवर विश्वास बसतो, आणि त्याला कारण आहे. गॅरेजवाला मास्टर बदलतो तेव्हा नवं ऑइल भरतो, चारही चाकांची एअर काढतो, जमलं तर ड्रमला आतून घासणारे शूसुद्धा वर घेतो. ब्रेक सुधारतो तो या कामामुळे, श्रेय मात्र मास्टरला जातं. पुढच्या वर्षी ऑइल पुन्हा जुनं झालं की ‘मास्टर डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुकानदाराला शिव्या.

मास्टर खरंच गेलाय का, हे पेडल सांगतं. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत राहिलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टरच्या आतले रबरी कप दाब सोडतायत. पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्या दाबाला वर येत असेल, तर बहुधा शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा आहे. पेडल कडक आहे, शूवरचे लायनर जळाल्याचा वास येतोय आणि गाडी थांबत नाही, तर लायनर तापून घसरायला लागलेत. पेडल लाकडासारखं कडक पण वास नाही, तर बूस्टर बघा. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांना हा कडक पेडलचा अनुभव हमखास येतो, कारण डिझेल गाडीत बूस्टरचा व्हॅक्यूम इंजिनवर चालणाऱ्या पंपातून येतो. इंजिन थांबलं की एक-दोन ब्रेकपुरताच साठा उरतो.

‘गळती नाही तर ऑइल बदलू नका’ हे वाक्य सोलापुरात एखाद्याने म्हटलं असतं तरी चूकच होतं, पण मालवण-वेंगुर्ल्यात ते म्हणणं म्हणजे कमाल आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा! नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती मर्यादा १४० वर येऊ शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. डबीतली पातळी मात्र तशीच दिसते, म्हणून नुसती पातळी बघून काही कळत नाही. दोन वर्षांतून एकदा तरी ऑइल पूर्ण बदलावं. रोज घाट करणाऱ्याने आणि मासळी वाहणाऱ्याने दरवर्षी, पावसाळा संपल्यावर. अर्धी उरलेली, झाकण सैल असलेली बाटली पुन्हा वापरू नका.

मासळीच्या टेम्पोचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट चासिसवरच्या ब्रेक पाइपवर ठिबकतं. वर मास्टर नवाकोरा आणि खाली पाइप गंजून कागद झालेला, असं असेल तर काय उपयोग? मेसेजमध्ये पाइपचा ‘प’सुद्धा नाही.

किटबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. बोअर आतून आरशासारखा गुळगुळीत असेल तर किट चालतं. पण मे-जूनमध्ये आंबा संपला की पिकअप पावसाळाभर उभी राहते आणि ऑइलमधल्या पाण्याने बोअरला बारीक खड्डे पडतात. त्या खड्ड्यांवरून नवा कप फिरला की कापला जातो. ॲल्युमिनियमचा मास्टर पॉलिश पेपरने घासू नका, आतला कडक थर निघून जातो. एअर काढताना जुन्या मास्टरचं पेडल फळीपर्यंत हाणायची सवयही सोडा: रोजच्या वापरात कप जिथे पोचत नाही, त्या गंजलेल्या भागावर तो जातो, कापला जातो आणि संध्याकाळपर्यंत ब्रेक निकामी होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की झालं. मास्टर धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल नको. डबीत इंजिन ऑइल तर चुकूनही नको. रबर फुगतं आणि मग मास्टरपासून चाकांपर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं.

राहता राहिले ‘सर्व ट्रकवाले’. चिरे आणि खडी वाहणाऱ्या बहुतेक मोठ्या ट्रकना, डंपरना एअर ब्रेक असतात. ब्रेकचा मास्टर सिलेंडर त्यांच्यात नसतोच, असलाच तर क्लचचा. त्यांच्यासाठी मेसेजमध्ये कामाची एकही ओळ नाही. त्यांनी एअर टाकीचं पाणी रोज सोडावं आणि स्लॅक ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर राखणारे भाग) तपासून घ्यावेत. हवेतला ओलावा काढणारा एअर ड्रायर असूनही टाकीतून पाणी येत असेल, तर त्याचं कार्ट्रिज बदलायला झालंय.