काका, बसा!

मुंबईच्या लोकलमध्ये, म्हणजे संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायची, तर नुसतं उठून चालत नाही. नवखा सज्जन नेमकं हेच करतो. आजोबा दिसले की हा ताडकन उठतो आणि "बसा काका" म्हणतो. आजोबा असतात तीन माणसं पलीकडे. ते वळून बघेपर्यंत मधल्या एका धडधाकट तरुणाने बूड टेकवून डोळेही मिटलेले असतात. काका उभे, सज्जन उभा आणि दोघांच्या मध्ये तिसराच झोपलेला.

म्हणून आधी बसल्या बसल्या हाक मारायची. हाक कुणाला आहे हे आजूबाजूच्या चौघांना कळलं पाहिजे. मग ते चौघं आपणहून काकांना पुढे ढकलतात. लोकलमध्ये साक्षीदार असले की माणसं फार सभ्य वागतात. काकांचा हात आपल्या हातात आला की आपली बॅग बाकावर ठेवायची, मग तिरकं होत उठायचं, काकांना वळवून घ्यायचं आणि ते टेकत असतानाच बॅग काढायची. बॅग लवकर काढली तर ती जागा सार्वजनिक होते.

हे सगळं घाटकोपरच्या आत उरकावं. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरीकडची गर्दी तिथे येऊन गाडीत घुसते. त्यानंतर पॅसेजमध्ये हात वर गेला तर तो ठाण्यापर्यंत वरच राहतो. दानधर्माला जागाच उरत नाही.

दुसरी अडचण आपल्या संस्कारांची. पंगतीत जिलबी वाढताना तीनदा "नको" म्हणायची आपली पद्धत लोकलमध्ये चालत नाही. इथे एकच "नको" परवडतं, तेही अर्धवट खाली बसत म्हणायचं. दुसरं "नको" पूर्ण व्हायच्या आत ती जागा तिसऱ्याने "हो" म्हणून घेतलेली असते.

वयाचा अंदाज हे तर सगळ्यांत धोक्याचं काम. सत्तरीच्या माणसाला जागा दिली तर तो आशीर्वाद देतो, पंचावन्नच्या माणसाला दिली तर तो मनात खुन्नस धरतो. केस रंगवलेले असतील तर माझ्या मते उठूच नये. त्या माणसाने पैसे खर्च करून आपलं मत कळवलेलं असतं. महिलांच्या डब्यात याहून नाजूक प्रसंग असतो. समोरची बाई गरोदर आहे की नुसता सैल कुर्ता घातलाय, हे विचारायची सोय नाही. मुरलेल्या बायका काहीच विचारत नाहीत. "बसा, मला उतरायचंय," म्हणून उठतात. याचा तोटा एवढाच, की मग दाराकडे जाऊन उभं राहावं लागतं आणि मुलुंड गेलं, ठाणं गेलं तरी तिकडे बघायचं नाही. गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यातूनही जाता येतं, पण तो डबा फलाटावर नेमका आपल्यापासून लांबच थांबतो.

बाकी सगळ्या जागा मात्र दानात नव्हे, वारशाने मिळतात. दादरला आत शिरलेला माणूस दोन बाकांच्या मध्ये येऊन भुवया उडवत एकच शब्द विचारतो, "कुठे?" उत्तर "ठाणा" आलं तर त्याने तिथेच पाय रोवायचे. "लास्ट", म्हणजे थेट कल्याण, आलं तर पुढच्याला विचारायचं. बायकांच्या डब्यात हा कारभार जास्त चोख असतो. तिथे "तुमची कुणाला सांगितलीय?" असा थेट प्रश्न येतो आणि एका जागेवर डोंबिवलीपर्यंतचे दोन वारस आधीच ठरलेले असतात. यात एक गोम आहे. तुम्ही खिडकीवाल्याची जागा सांगून ठेवता, ठाण्याला तो उठतो आणि बाकावरचे बाकीचे तिघं शांतपणे आत सरकतात. खिडकीचा वारसदार म्हणून हातात पडते ती चौथी सीट.

आता चौथी सीट. बाक तिघांचा. "जरा सरका" म्हटल्यावर तिघं सरकतात, म्हणजे सरकल्यासारखा आवाज करतात, आणि टोकाला अर्ध्या माणसापुरती फळी मोकळी होते. त्या फळीवर पूर्ण बसायला गेलात तर पॅसेजमध्ये पडाल. एक बाजू टेकवायची, बाहेरचा पाय तिरका रोवायचा, हाताने मिळेल तो दांडा धरायचा. गाडीने ब्रेक मारला की सगळा भार त्या पायावर येतो. खरं म्हणजे चौथ्या सीटवरचा माणूस उभाच असतो, फक्त गुडघ्यांत वाकून. तरी ती कुणी सोडत नाही, कारण ती तिसऱ्या सीटच्या रांगेतला पहिला नंबर आहे. ज्येष्ठांना ही जागा देऊन पुण्य लागत नाही. गुडघेदुखीवाल्याला तर ती शिक्षाच आहे. उलट आत बसलेल्याने चौथ्या सीटवर यावं आणि काकांना मध्ये घ्यावं. यात उठावंही लागत नाही, म्हणून माझी सगळ्यात आवडती सभ्यता हीच.

मे महिन्यात खिडकी मागून मिळत नाही. जूनमध्ये पहिली सर आली, शटर अर्ध्यावर अडकलं आणि खिडकीवाल्याची बाही भिजली, की त्याच्यातला माणूस जागा होतो. "काका, या, इथे ऐसपैस बसा!"

कुणीच उठलं नाही तरी बसलेला माणूस उभ्याची बॅग मांडीवर घेतो, एवढा धर्म अजून टिकून आहे. बॅग देताना डबा सरळ आहे ना, ते बघावं. आमटीचा ओघळ अनोळखी मांडीवर गेला, की पुढच्या वेळी तो माणूस आपल्याला बघून झोपलेला असतो. आणि बॅग परत घ्यायची ती आपलं स्टेशन यायच्या एक स्टेशन आधी. डोंबिवलीला गाडी थांबल्यावर "माझी बॅग!" म्हणून ओरडलात, तर तुम्ही डोंबिवलीला उतरता आणि बॅग कल्याणला.