‘एकदा घेतलं की जन्मभर तुमचं’? नाही हो!

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. छापील पुस्तकांचे दिवस भरले. ई-पुस्तक एकदा घेतलं की जन्मभर तुमचं, शिवाय स्वस्त, झाडं वाचतात आणि वाचनात काडीचाही फरक पडत नाही, असं त्यात छातीठोकपणे म्हटलंय.

‘जन्मभर तुमचं’ इथेच खरी मेख आहे. आपण पैसे मोजतो ते बहुतेक वेळा वाचायच्या परवान्याचे. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची ‘1984’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून, म्हणजे ॲमेझॉनच्याच वाचनयंत्रावरून, परस्पर पुसली. (नेमकं ‘1984’, ज्यात सरकार नको असलेला मजकूर पुसून टाकतं! योगायोग म्हणायचा.) विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत मिळाले, हे खरं. पण फुटपाथवर चोरटी प्रत घेतली म्हणून कुणी आपल्या घरात शिरून ती कपाटातून उचलून नेत नाही. अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी काढलेली टिपणं त्यात निकामी झाली. तो थेट कोर्टात गेला. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत दिले. ज्यांनी पुस्तकात टिपणं केली होती त्यांना वर 25 डॉलर. फेब्रुवारी 2025 मध्ये तर विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून घ्यायची सोयही ॲमेझॉनने काढून टाकली.

‘स्वस्त’ म्हणाल तर छापील पुस्तकावर आपल्याकडे जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. 2018 मध्ये तो 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता. आणि वाचून झालेलं पुस्तक रद्दीवाल्याकडे, मैत्रिणीकडे किंवा गावच्या वाचनालयात जातं. ई-पुस्तक कुठे देणार?

झाडांचं म्हणाल, तर वाचनयंत्रातली बॅटरीही काही झाडाला लागत नाही. यंत्र बनवतानाचं नुकसान भरून निघायला त्यावर भरपूर पुस्तकं वाचावी लागतात, तेव्हा वर्षाला दोन पुस्तकं वाचणाऱ्याने हा हिशेब न मांडलेलाच बरा.

‘काडीचाही फरक नाही’ हे कथा-कादंबऱ्यांपुरतं बऱ्यापैकी खरं आहे. पण 2018 मध्ये 54 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं दिसलं. वेळेचं बंधन असेल तर फरक आणखी वाढतो. मुलांचं पाठ्यपुस्तक टॅबवर टाकणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

मराठीची तर वेगळीच रड. जुनी पुस्तकं मिळतात ती बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. सहा इंची पडद्यावर अख्खं पान बसवलं की काना-मात्रा दिसत नाहीत. मोठं केलं की प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवा. शब्द शोधायला जावं तर काहीच सापडत नाही, कारण ते पान म्हणजे नुसतं चित्र.

चाळिशी लागलेल्यांना अक्षर मोठं करता येतं, न्यू जर्सीतल्या मराठी वाचकाचा टपालखर्च वाचतो. त्यासाठी ई-पुस्तक खुशाल घ्या. फक्त ईपब फाइल (ई-पुस्तकांचा एक प्रचलित फाइल-प्रकार), तीही कॉपी करण्यावर कुलूप नसलेली, मिळते का ते आधी विचारा, आणि मिळाली तर त्याच दिवशी संगणकावर उतरवून ठेवा.