‘तुझं किती आलं?’ विचारणाऱ्यांनो, परवापर्यंत तरी गप्प बसा

आज दहावीचा बीजगणिताचा पेपर झाला. एक वाजून दहा मिनिटांनी घंटा झाली, बाईंनी उत्तरपत्रिका गोळा केल्या, आणि मी व्हरांड्यातल्या दप्तरांच्या ढिगातून माझं दप्तर शोधत होते. ते हातात यायच्या आत मागून एकीने दंड धरून मला वळवलं. ‘तीन ब मधल्या दुसऱ्याचं किती आलं गं?’

पेपर बरा गेला का, पाणी हवंय का, काही नाही. थेट किती आलं! जणू मी तिचे पैसे घेऊन पळालेय.

मला याचा वीट आलाय. घटक चाचणीला ठीक होतं, तिथे दोन मार्क इकडे-तिकडे झाले तर आईची बोलणी खायची आणि विसरायचं. ही बोर्डाची परीक्षा आहे. आणि परवा भूमिती आहे, परवा! मध्ये एक दिवस. त्या एका दिवसात समरूपता, वर्तुळ, रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन एवढं सगळं परत डोळ्याखालून घालायचंय, आणि तुम्हाला झालेल्या पेपरचं पोस्टमॉर्टेम करायचंय. उत्तरपत्रिका गेली ना? शिक्का मारून, गठ्ठ्यात बांधून गेली. आता तुमचं माझं उत्तर जुळलं काय आणि नाही जुळलं काय, त्यात काना-मात्रेचा तरी फरक पडणार आहे का?

आमच्या केंद्रासमोर एक रसवंती आहे. मार्च महिना, दुपारचा दीड, चरकाला बांधलेले घुंगरू छनछन वाजतायत, आणि त्याच्या बाकड्यांवर आमचं न्यायालय भरलेलं. मध्यभागी आमच्या वर्गातला एक मुलगा, त्याला सगळे कॅल्क्युलेटर म्हणतात. त्याने उत्तरं प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलने बारीक अक्षरात लिहून आणलेली. प्रश्नपत्रिकेवर काही लिहू नका म्हणून बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण हुशार मुलांना नियम वेगळे असतात बहुतेक. तो एकेक उत्तर वाचतोय आणि अठरा-वीस जण आरती चालल्यासारखे उभे. एखाद्याचं जुळलं की ‘येस्स!’ आणि टाळी. नाही जुळलं की तोंड पडलेलं, हातातला रसाचा ग्लास तसाच.

मी तिथे थांबणार नव्हते. पण आमची वडाप तिथूनच सुटते, आणि जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. म्हणजे वीस मिनिटं ऐकणं आलं.

आता ते तीन ब मधलं दुसरं. ‘१ आणि १४० यांच्या दरम्यानच्या, ४ ने भाग जाणाऱ्या सर्व नैसर्गिक संख्यांची बेरीज काढा.’ अंकगणिती श्रेढी. पुस्तकात हे कृती म्हणून दिलेलं आहे, आम्ही दिवाळीच्या आधी सोडवलेलं. माझं उत्तर २३८०. शेवटची जी दहा मिनिटं हल्ली वाढवून देतात ना, ती मी सगळी याच गणितावर घातली. ४, ८, १२ असं करत १३६ पर्यंत, पदं ३४, पहिलं आणि शेवटचं मिळून १४०, गुणिले १७. दोनदा केलं. २३८०. पेन खाली ठेवला तेव्हा कधी नव्हे तो जीव थंड झाला होता.

कॅल्क्युलेटर म्हणाला, २५२०.

आणि मग सुरू. ‘माझं पण २५२०!’ ‘माझं पण!’ ‘हो हो, पंचवीसशे वीसच.’ मी म्हटलं, माझं २३८० आलंय. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर मराठीचा समजून लिहिला असावा. एकीने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. ‘जाऊ दे गं, तीनच मार्कांचं आहे.’ तीनच! ती स्वतः सहामाहीला अर्ध्या मार्कासाठी सरांच्या मागे स्टाफरूमपर्यंत गेली होती.

आम्हाला सांख्यिकीत बहुलक शिकवलाय. सगळ्यात जास्त वारंवारता ज्याची, तो बहुलक. रसवंतीवर तोच लावतात. कुणी गणित सोडवून बघत नाही, कुणी प्रश्न परत वाचत नाही, हात वर करून मोजतात. अकरा जणांचं २५२०, चौघांचं २३८०, एकाचं काहीतरी भलतंच अपूर्णांकात. झालं, निकाल लागला. तो अपूर्णांकवाला पोरगा नंतर जीपच्या टपाला टेकून एकटाच उभा होता, त्याला कुणी विचारलं पण नाही की बाबा, नक्की काय केलंस. नैसर्गिक संख्यांच्या बेरजेत अपूर्णांक आला म्हणजे घोळ दिसतोच आहे, पण त्याला सूत्राचे, पदांच्या संख्येचे काहीतरी गुण मिळतील की. पायऱ्यांचे गुण असतात हे सर वर्षभर बोंबलून सांगतात. शेवटचा आकडा चुकला म्हणजे तिन्ही मार्क बुडाले असं नसतं. पण रसवंतीवर पायऱ्यांना किंमत नाही, तिथे फक्त शेवटचा आकडा चालतो.

आणखी एक जमात आहे, तिच्यावर माझा जास्त राग आहे. पाचपैकी कोणतेही चार सोडवा, असं छापलेलं असतं. मी चार सोडवले. पाचवा सोडला, कारण सोडायची मुभा आहे. तर म्हणे, ‘अगं तो नाही सोडवलास? तोच तर सगळ्यात सोपा होता!’ अरे, मग? तुझे चार बरोबर आले तरी आठ मार्क, माझे चार बरोबर आले तरी आठच. सोपा सोडवला म्हणून बोर्ड तुला वरून शाल-श्रीफळ देणार आहे का?

आणि त्या रडणाऱ्या. ‘माझी तर वाट लागली, मी नापास होणार.’ वाट लागली म्हणून हुंदके देणार, आपण बिचारे आपला रस तिला देणार, आणि निकालाच्या दिवशी हिला चाळीसपैकी अडतीस. आमच्या वर्गात अशा दोन आहेत. माझे दोन ग्लास रस गेलेत आजवर, हिशोब आहे माझ्याकडे.

मराठीचा पेपर झाला तेव्हा कुणी आलं होतं का विचारायला, तुझ्या आत्मकथनात ते झाड काय म्हणालं म्हणून? सहामाहीला इतिहासात कारणं लिहिली, एकाने तीन लिहिली, एकाने पाच, सगळे खुशीत घरी. गणिताचाच काय तो सूड घ्यायचा असतो.

शेवटी जीप भरली. भरली म्हणजे दहा जणांच्या जागेत पंधरा. मला वाटलं सुटले. तर शेजारी आमच्या गल्लीतल्या काकू. ‘काय गं, गणित होतं ना आज? कसं गेलं?’ चांगलं गेलं काकू. ‘सगळं बरोबर आलं?’ मी काय सांगू? मागच्या सीटवरून उत्तर आलं, ‘हिचं एक चुकलंय काकू, श्रेढीचं.’ आभारी आहे! आता संध्याकाळपर्यंत ते गल्लीत पोचणार. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, आमच्या वेळी पस्तीस मिळाले की पेढे वाटायचे. तो एकटाच माणूस मला आज आवडला.

घरी आले तर आई दारात. आईच्या फोनवर क्लासच्या ग्रुपमधून सरांनी पूर्ण पेपर सोडवून पाठवलेला होता. दोन वाजता! पेपर सुटून तास झाला नाही. फोटो काढलेली पानं, निळ्या शाईत, आडवी-उभी, त्यातलं तीन ब चं पान नेमकं हललेलं. आई म्हणाली, जेवून घे आणि ताडून बघ एकदा. मी म्हटलं नाही बघणार. ती म्हणाली, का, घाबरतेस? आता काय बोलायचं? हो, घाबरते! घाबरावं म्हणूनच तर पाठवलंय ना ते!

तिचंही चुकत नाही म्हणा. तिला वाटतं बघितलं की जिवाला स्वस्थता लागते. पण ताडून बघण्यात एक फसवणूक आहे. बरोबर आलेली चौदा उत्तरं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. डोक्यात राहतं ते एक न जुळलेलं. दुपारी भूमितीचं पुस्तक उघडलं, स्पर्शिकेचं प्रमेय समोर, आणि मनात चाललंय २५२०, २५२०, २५२०. वर्तुळ काढलं तर त्याच्या मध्यबिंदूपाशी मी २५२० लिहिलेलं. चार तास गेले माझे. महत्त्वमापन हातात घेतलेलंच नाही अजून, आणि त्रिकोणमितीतली सिद्धता तर आधीपासूनच माझी शत्रू.

रात्री जेवताना भाताचा घास तोंडात असताना एकदम लक्षात आलं. २५२० उणे २३८०, किती? १४०. नेमका १४०! म्हणजे त्या अकरा जणांनी १४० सुद्धा धरलाय. १४० ला चारने भाग जातो, म्हणून घेतला आत. पण प्रश्नात लिहिलंय ‘दरम्यान’. १ आणि १४० यांच्या दरम्यान म्हणजे मधल्या. सातारा आणि पुण्याच्या दरम्यानची गावं सांग म्हटलं तर कुणी पुणे सांगतं का? गणित सगळ्यांना आलं होतं, मराठी वाचायला झोप आली होती. आणि मला खुळ्यात काढत होते! हाताने ताट सरकवून पुस्तक आणलं, ती कृती काढली. छापलेलं आहे, शेवटचं पद १३६. आई ओरडली, आधी हात धू, पानाला आमटी लागेल. लागली. १३६ वरच लागली.

अठरा जणांच्या त्या बाजारात एकालाही हे दोन आकडे वजा करून बघावेसे वाटले नाहीत, माझ्यासकट. मला याचा जास्त राग येतोय की त्यांचा, ते मला अजून ठरवता येत नाहीये. माझ्याकडे बरोबर उत्तर होतं, दोनदा तपासलेलं, आणि मी अकरा हात बघून गप्प बसले. पाठीवरून हात फिरवून घेतला वर!

आता हे वाचून म्हणाल, मग सोड ना, परवा भूमिती आहे, तूच म्हणालीस. म्हणाले. मला कळतं. पुढचं मी करायला नको होतं. पण साडेअकरा वाजता आई झोपल्यावर मी तिचा फोन घेतला, त्या आमटीच्या डागासकट पानाचा फोटो काढला, ‘दरम्यान’ हा शब्द लाल रंगाने गोल केला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली फक्त एवढं लिहिलं, ‘तुमचं किती आलं?’

अर्ध्या मिनिटात निळ्या खुणा. मग टायपिंग, टायपिंग, टायपिंग. कॅल्क्युलेटर पण जागा होता. त्याचं टायपिंग सुरू व्हायचं, बंद पडायचं, परत सुरू व्हायचं. मी फोन बंद केला, आईच्या उशीशी होता तसा ठेवला, आणि महत्त्वमापन काढलं. शंकूच्या तिरकस उंचीपर्यंत आलेय.