लॉगिन केल्याने नियम येत नाहीत

‘मेल प्रोग्राम बदलायचा आहे? एवढंच करा’ अशा ठळक ओळीने सुरू होणारा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरून राहिला आहे. माझ्याकडे तो तीन गटांतून आला आणि तिन्ही वेळा मी तो वाचून सोडून दिला. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. कारण चौथ्या गटात माझे मामा होते, आणि त्यांनी तो ओळीनओळ खरा मानला.

मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत. एक, ३१ डिसेंबरनंतर कॉम्प्युटरवरचे सगळे जुने मेल प्रोग्राम बंद झालेत, ताबडतोब बदला. दोन, नव्या प्रोग्राममध्ये त्याच ईमेल-पासवर्डने लॉगिन करा. फोल्डर, नियम (आलेलं मेल आपोआप ठरल्या फोल्डरात टाकणाऱ्या सूचना), सही, पत्ते सगळं आपोआप येतं, जुना कॉम्प्युटर निर्धास्त पुसून टाका. तीन, पासवर्ड घेत नसेल तर अकाउंट हॅक झालंय, नवीन काढा. चार, सेटिंगमध्ये पॉप (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याची पद्धत) निवडा आणि मेल सर्व्हरवरून, म्हणजे मेल सेवेच्या कॉम्प्युटरवरून, काढून टाकण्यावर टिक करा, जागा भरणार नाही. पाच, बदलाच्या काळात एकही मेल हरवू नये म्हणून सगळे मेल एका बॅकअप पत्त्यावर फॉरवर्ड करणारा नियम लावा, आणि जमत नसेल तर खालच्या नंबरवर फोन करा, आमचा माणूस तुमची स्क्रीन घेऊन करून देईल.

मामांचं सीए रोडला कुलरच्या मोटारी आणि पंपांचं दुकान आहे. नागपुरात एप्रिल म्हणजे त्यांच्यासाठी वर्षभराची कमाई. पंपाच्या कंपन्या दरपत्रक, माल निघाल्याची खबर, बिलं सगळं मेलवर पाठवतात. गेली अकरा वर्षं मामा थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरत होते आणि त्यात त्यांनी एकेक करत ४७ नियम लावले होते. या कंपनीचं मेल या कप्प्यात, विषयात ‘रेट’ असेल तर वर लाल खूण, बँकेचं वेगळं, जीएसटीचं वेगळं. फोल्डरला ते कप्पाच म्हणतात. मेसेज वाचून त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला, दुकानातल्या पोराकडून त्यात दुसरा मेल प्रोग्राम टाकून घेतला, लॉगिन केलं. आठवड्याने रात्री नऊला मला फोन.

“अगं, लॉगिन तर झालं न, पण माझे कप्पे कुठं गेले? सगळं एकाच ढिगात पडून आहे.”

त्या ढिगात एका कंपनीचं सुधारित दरपत्रक सहा दिवस पडून होतं. मामांनी कामठीच्या एका दुकानदाराला चाळीस पंप जुन्या दराने देऊन टाकले होते. मी विचारलं, जुना कॉम्प्युटर कुठे आहे? तर म्हणाले, “तो उद्या सकाळी एक्सचेंजवाला नेऊन राहिला.”

म्हणून सगळ्यात आधी दुसरा मुद्दा घेते. बाकीचे चार दुरुस्त करता येतात. हा मुद्दा ऐकून जुना कॉम्प्युटर पुसला, तर परत आणायला काही उरत नाही.

नियम येतात की नाही, हे नियम राहतात कुठे यावर ठरतं. ते दोन ठिकाणी राहू शकतात. एक, मेल सेवेच्या सर्व्हरवर. तुम्ही ब्राउझरमध्ये जीमेल उघडून फिल्टर (तिथे नियमाला हेच नाव आहे) लावला असेल तर तो गुगलकडे आहे. तुमचा कॉम्प्युटर बंद असला तरी तो काम करतो, आणि तुम्ही कोणताही मेल प्रोग्राम घ्या, त्याला धक्का लागत नाही. इथपुरतं मेसेजचं म्हणणं बरोबर आहे, ते मी मान्य करते. पण थंडरबर्डमध्ये बसून लावलेला नियम तुमच्या कॉम्प्युटरवरच्या एका फाइलमध्ये असतो आणि सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आउटलुक या मेल प्रोग्राममध्ये तर काही नियमांपुढे ‘क्लायंट-ओन्ली’ असं लिहिलेलंच असतं, म्हणजे हा नियम याच मशीनवर चालणार.

लॉगिन केल्यावर नेमकं काय येतं, हे मी मनाने सांगत नाही. मेल प्रोग्राम आणि सर्व्हर आपसांत ज्या भाषेत बोलतात तिचं नाव आयमॅप. तिचा अधिकृत दस्तऐवज आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) ९०५१ या क्रमांकाने ऑगस्ट २०२१ मध्ये निघाला आणि तो कोणालाही फुकट वाचता येतो. त्यात लॉगिन करा, फोल्डर बनवा, नाव बदला, मेल आणा, शोधा, वाचल्याची खूण करा, दुसऱ्या फोल्डरात हलवा, अशा आज्ञा आहेत. ‘नियम आणा’ अशी आज्ञा त्यात नाही. सहीची नाही, पत्त्यांच्या वहीचीही नाही. ज्या भाषेत तो शब्दच नाही, त्या भाषेत प्रोग्राम ती गोष्ट मागणार कशी? सर्व्हरवरच्या नियमांसाठी म्हणून तर सीव्ह, म्हणजे चाळणी, नावाची वेगळी भाषा करावी लागली. तिचा दस्तऐवज आरएफसी ५२२८, साल २००८. तीही सगळ्यांनी स्वीकारलेली नाही. जीमेलचे फिल्टर त्यांचे स्वतःचे आहेत.

मामांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्यांचं खातं जीमेलचं, पण थंडरबर्ड पॉपवर चालत होतं. पॉप ही आयमॅपसारखीच दुसरी, जुनी भाषा; ती फक्त मेल उतरवून घेते, तुमचे कप्पे सर्व्हरवर नेत नाही, त्यामुळे अकरा वर्षांचे कप्पेही त्याच जुन्या मशीनवर होते. सर्व्हरवर सगळं एकाच इनबॉक्समध्ये, जसं आलं तसं. नव्या प्रोग्रामने तेच दाखवलं. त्याची काही चूक नव्हती, त्याला जे दिसलं ते त्याने आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी दुकानात पोचले. शटर अर्धं वर, वाळ्याच्या गठ्ठ्यांमागे जुना कॉम्प्युटर वायर गुंडाळून ठेवलेला. तो जोडला, थंडरबर्ड बंद ठेवून त्याचं प्रोफाइल फोल्डर, म्हणजे तो आपलं सगळं जिथे ठेवतो ते फोल्डर, उघडलं. विंडोजमध्ये ते ॲपडेटाच्या आतल्या रोमिंगमध्ये असतं आणि ॲपडेटा लपवलेलं असल्यामुळे सहसा कोणाच्या नजरेला पडत नाही. त्यात प्रत्येक अकाउंटच्या फोल्डरात ‘एमएसजी-फिल्टर-रूल्स’ नावाची छोटी डॅट फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडते, साधा मजकूर आहे. एकेका नियमाच्या चार-सहा ओळी: नाव, चालू की बंद, काय करायचं, कोणत्या फोल्डरात टाकायचं, आणि शेवटी अट. मामा खुर्ची ओढून बाजूला बसले आणि बोट ठेवून वाचू लागले. “हा तर राजकोटवाला. हा बंद पडला. हा म्हणजे आपला जुना सीए.”

त्या ओळींकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळते. फोल्डराचं नुसतं नाव तिथे नसतं. कोणत्या अकाउंटखालचं, कोणत्या सर्व्हरचं फोल्डर, असा पूर्ण पत्ता असतो. त्यामुळे ती फाइल उचलून दुसऱ्या अकाउंटखाली ठेवली तरी तो पत्ता बदलेपर्यंत कप्प्यात टाकणारे नियम नीट चालत नाहीत. एका प्रोग्रामची फाइल दुसऱ्याला तर वाचताच येत नाही. जुनं आउटलुक नियम आरडब्ल्यूझेड फाइलमध्ये काढून देतं, जीमेल एक्सएमएल फाइलमध्ये, आणि त्या ज्याच्या त्यालाच कळतात.

मग दोनच रस्ते उरतात. नव्या मशीनवरही थंडरबर्डच ठेवायचं असेल तर अख्खं प्रोफाइल फोल्डर कॉपी करून न्यायचं; मेल, नियम, पत्ते, सेव्ह केलेले पासवर्ड सगळं एकत्र जातं. थंडरबर्डमध्ये त्यासाठी एक्सपोर्टची सोयही आहे, पण प्रोफाइल २ जीबीहून मोठं असेल तर ती चालत नाही, फोल्डरच न्यावं लागतं. नव्या मशीनवरची थंडरबर्डची आवृत्ती जुन्या मशीनवरच्यापेक्षा मागची नको. आणि सही वेगळ्या फाइलमधून जोडली असेल तर ती फाइलही सोबत घ्या. मामांची दुकानाचं चित्र असलेली सही डी ड्राइव्हवर होती. दुसरा रस्ता, प्रोग्रामच बदलायचा असेल तर नियम हाताने पुन्हा लिहायचे. तिसरा रस्ता कोणी पैसे घेऊन सांगत असेल तर त्याला विचारा, आमच्या ४७ नियमांपैकी किती आले ते मोजून दाखवशील का.

आम्ही हाताने लिहिले. ४७ पैकी १९ नियम बंद पडलेल्या कंपन्यांचे होते, ते सोडले. उरलेले २८ जीमेलमध्ये ब्राउझरमधून लावले, प्रत्येक वेळी जुळणाऱ्या जुन्या मेलनाही लागू करण्याच्या खुणेसकट. अडीच तास लागले. शेवटी फिल्टरच्या पानावरून सगळे एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवले. आता हे नियम गुगलकडे आहेत, त्यामुळे पुढच्या वेळी मामांनी प्रोग्राम बदलला तर ते जागेवर राहतील. अकरा वर्षांचं जुनं प्रोफाइल वेगळ्या डिस्कवर उतरवलं.

आता बाकीचे. पहिला मुद्दा: ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं ते विंडोजसोबत येणारं ‘मेल अँड कॅलेंडर’ हे ॲप. थंडरबर्ड बंद झालेलं नाही. जुन्या आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार देऊ असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. एका ॲपची तारीख घेऊन सगळ्यांना घाबरवायचं कारण नव्हतं.

तिसरा: नव्या प्रोग्रामने जीमेलचा पासवर्ड नाकारणं म्हणजे हॅक नव्हे. ३० मे २०२२ पासून गुगलने वैयक्तिक खात्यांवर बाहेरच्या प्रोग्रामना नुसत्या पासवर्डने आत सोडणं बंद केलं. प्रोग्रामने गुगलची खिडकी उघडून लॉगिन करायचं असतं. ते जमत नसलेल्या जुन्या प्रोग्रामसाठी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यायचा. नवीन अकाउंट काढून मामांनी पन्नास कंपन्यांना पत्ता बदलल्याचं कळवत बसायचं का?

चौथा: गुगलची १५ जीबी जागा भरते हे खरं, कारण फोटो आणि ड्राइव्हही त्यातच मोजतात. पण सर्व्हरवरून मेल काढलं की तुमची एकुलती एक प्रत एका डिस्कवर उरते, आणि फोनवर ते दिसत नाही. मामांनी ही टिक कधी केली नव्हती, म्हणून निदान तो ढीग तरी होता.

पाचव्याबद्दल मला राग आहे. सगळे मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा नियम ही चोरांची जुनी रीत आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याचीच सूचना काढली होती. चोर वेबमेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून उघडणाऱ्या मेलमध्ये, शिरून फॉरवर्डचा नियम लावतात, आणि ब्राउझरमध्ये लावलेले नियम कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्राममध्ये बरेचदा दिसतच नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे नियम इकडून तिकडे आपोआप जात नाहीत, याच गोष्टीवर ते जगतात. तुमच्या कंपनीचं बिल ते तुमच्यासोबत वाचतात आणि खाते क्रमांक बदललेलं तसंच बिल पाठवतात. हा मेसेज लोकांना तो नियम स्वतःच्या हाताने लावायला सांगतो आणि वर स्क्रीन द्यायला सांगतो.

कोणी तसा नियम लावला असेल तर आज जीमेल ब्राउझरमध्ये उघडा. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचं पान आणि फिल्टरचं पान, दोन्ही पाहा. अनोळखी पत्ता दिसला तर काढा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.

मामांनी तो नंबर लावला नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “लावणारच होतो, पण गिऱ्हाईक आलं.” एक्सचेंजवाला साडेदहाला आला. त्याला मामांनी परत पाठवलं आणि जुना कॉम्प्युटर काउंटरखाली ठेवला. सीझन संपेपर्यंत तो तिथेच राहील.