दोन पेशींची गोगलगाय: एका फॉरवर्डला उत्तर

पावसाळा लागला की सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गोगलगायींचे मेसेज फिरायला लागतात. सध्या जो फिरतोय त्याचा सारांश असा: ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की तळ्यातल्या गोगलगायीला मेंदू नसतो, फक्त दोन पेशी असतात. एक म्हणते भूक लागली, दुसरी म्हणते समोर खायला आहे. तिला काही आठवत नाही, काही दुखत नाही. शंख पिळलेला असतो म्हणून आतल्या नसाही पिळलेल्या, चित्र पाहा. जनावरांना रोग हिच्यामुळेच होतात, तेव्हा तळ्यात आणि हौदात मीठ टाका, पुढे पाठवा.

पुढे पाठवणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थीही आहेत, प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले. म्हणून हे लिहिणं आलं.

आधी दोन पेशींचं बघू. संशोधन खोटं नाही. २०१६ साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या गटाचा निबंध ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. त्यातला प्राणी लिम्निया स्टॅग्नॅलिस, म्हणजे युरोपातल्या तळ्यांत राहणारी गोगलगाय. ती आपल्याकडची नाही, तिची भावंडं आपल्याकडे आहेत. तोंडाला काही लागलं की ही गोगलगाय आधी चाटून बघते आणि मग खायचं की पुढे सरकायचं ते ठरवते. हे ठरतं कसं, एवढाच त्या मंडळींचा प्रश्न होता. त्यांना आढळलं की या निर्णयाच्या गाभ्याशी दोन प्रकारच्या चेतापेशी आहेत. एक प्रकार अन्न असल्याची वर्दी देतो. दुसरा भूक किती आहे ते धरून असतो, आणि अन्न नसेल तर तोंड उगाच चालवून शक्ती जाऊ देत नाही. दोन प्रकार, आणि तेही एका निर्णयापुरते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने या दोन्ही अटी गाळल्या. सोलापूर स्टेशनातून गाडी ड्रायव्हर आणि गार्डच्या इशाऱ्यावर सुटते, म्हणून आख्ख्या गाडीत दोनच माणसं बसलीत असं कुणी म्हणत नाही.

लिम्नियाच्या मध्यवर्ती चेतासंस्थेत सुमारे २० ते २५ हजार चेतापेशी असतात. माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटींपुढे हे काहीच नाही, मधमाशीच्या सुमारे दहा लाखांपुढेही किरकोळच. पण दोन नक्कीच नव्हे. आणि यांची मांडणी बघण्यासारखी आहे. आपल्यासारखा कवटीत बसवलेला एक गोळा नाही. अन्ननलिकेभोवती गुच्छिकांचं एक कडं असतं, आणि गिळलेला प्रत्येक घास त्या कड्याच्या मधून जातो. गुच्छिका म्हणजे गँगलिऑन, चेतापेशींची गाठ. लिम्नियात अशा ११: बक्कल, सेरेब्रल, पेडल, प्ल्युरल आणि परायटल यांची एकेक जोडी, आणि एकटी व्हिसरल. ताज्या विच्छेदनात त्या चक्क नारिंगी दिसतात. बक्कल गुच्छिका तोंड आणि खरवडणारी जीभ चालवतात. डोळ्यांकडून, शिंगांकडून आणि ओठांकडून येणाऱ्या नसा सेरेब्रलला मिळतात. अंडी घालायला लावणारं संप्रेरक सोडणाऱ्या पेशीही तिथेच असतात. पेडल पायाच्या, आणि तोल सांभाळणारी इंद्रियं त्यांनाच चिकटलेली. हृदय आणि श्वास यांच्याकडे जाणाऱ्या नसा व्हिसरल आणि परायटल गुच्छिकांतून निघतात. मेंदू नाही म्हणायचं असेल तर मेंदू कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. ससेक्सच्या मंडळींनी तरी या कड्याला मेंदूच म्हटलंय.

उलट, दोन पेशींकडे बोट दाखवता येतं ते या रचनेमुळेच. इथल्या काही चेतापेशी प्रचंड मोठ्या असतात, एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. शिवाय त्या प्रत्येक गोगलगायीत ठरलेल्या जागी सापडतात. उजव्या पेडल गुच्छिकेच्या वरच्या अंगाला एक मोठी पेशी बसलेली असते. तिचं नाव आर-पेडी-वन, म्हणजे राइट, पेडल, डॉर्सल, एक. डोपामिन हे रसायन सोडणारी ही पेशी श्वासाची लय सुरू करते. १९९० साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी ही आणि तिच्या जोडीच्या दोन अशा तीन पेशी बाहेर काढून बशीत वाढवल्या. त्यांनी एकमेकींशी जोड साधली आणि श्वासाची लय तिथेच सुरू झाली! प्लॅनॉर्बिस या दुसऱ्या गोगलगायीचं शरीर आरशातल्यासारखं उलट्या बाजूचं असतं, तर तिच्यात डोपामिनची मोठी पेशी डाव्या पेडल गुच्छिकेत सापडते. माणसाच्या मेंदूत एकेक पेशी नावानिशी अशी शोधून दाखवता येत नाही.

आता “काही आठवत नाही”. इथे फॉरवर्ड सपशेल आपटतो, कारण स्मृतीच्या अभ्यासासाठी गोगलगायी हे जगभरातलं एक आवडतं जनावर आहे. एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं ते अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीवरच्या कामामुळे. लिम्नियाचं म्हणाल तर, पाण्यात प्राणवायू कमी झाला की ती वर येऊन श्वासाचं भोक उघडते. भोक उघडलं की काडीने हलकंच टोचायचं. असं काही वेळा केलं की ती भोक उघडणं कमी करते, आणि हा धडा पुढे टिकतो. २००२ मध्ये यात आणखी एक मजेची गोष्ट हाती आली. आर-पेडी-वनचा पेशीचा मुख्य भाग काढून टाकला आणि तंतू तसेच ठेवले, तर गोगलगाय श्वास नीट घेते, तेवढ्यापुरतं शिकतेही, पण शिकलेलं दीर्घकाळ टिकत नाही. तोच भाग धडा पक्का झाल्यावर काढला तर स्मृती शाबूत राहते. हिला काही आठवत नाही म्हणणाऱ्याने एवढं तरी आठवणीत ठेवावं.

चित्राची गोष्ट वेगळी आहे, कारण चित्र बरोबर आहे, फक्त दुसऱ्याच प्राण्याचं आहे. इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारख्या एकमेकींवरून गेलेल्या नसा आहेत पायलाच्या. आपल्या अभ्यासक्रमातली ही मोठी, झाकणवाली गोगलगाय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली विच्छेदनं थांबवायला सांगितलं, त्याआधीच्या पिढ्यांनी ती ट्रेमध्ये उघडून पाहिलेली आहे. पायला आणि लिम्निया दोघी गोड्या पाण्यातल्या, पण नसांच्या बाबतीत एकमेकींपासून लांब. आठचा आकडा शंखाच्या वेटोळ्यामुळे पडतच नाही. कोवळ्या अवस्थेत गोगलगायीच्या अंगातला आतड्यांचा भाग डोक्याच्या मानाने सुमारे १८० अंशांत फिरतो, त्याला टॉर्शन म्हणतात. त्या फिरण्याबरोबर मागे जाणाऱ्या दोन नसा एकमेकींना ओलांडतात. पायलात तो पीळ कायम राहतो. लिम्नियाच्या गटात त्या नसा आखूड होऊन गुच्छिका कड्याजवळ गोळा झाल्या आणि पीळ गेला. पुरावा हवा असेल तर समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणारी लिंपेट बघा. तिचा शंख साध्या टोपीसारखा, वेटोळं नाहीच, तरी आतल्या नसांना पीळ आहे.

दुखण्याबद्दल मी जरा सावकाश बोलेन. माणसाला होते तशी वेदना गोगलगायीला होते असं मी म्हणणार नाही, पण “काही दुखत नाही” हे छातीठोकपणे सांगण्याजोगा पुरावा कुणाकडेच नाही. १९८३ साली ‘सायन्स’मध्ये एका जमिनीवरच्या गोगलगायीवरचा प्रयोग आला होता. गरम पृष्ठभागावर ठेवली की ती पायाचा पुढचा भाग उचलते. मॉर्फीन दिलं तर उचलायला जास्त वेळ लावते, आणि मॉर्फीनचा परिणाम मोडणारं नालोक्सोन दिलं की तो फरक जातो. म्हणजे आपल्याकडे वेदना कमी करणारी जी यंत्रणा आहे तिच्याशी जुळणारं काहीतरी तिथेही आहे. आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ म्हणाले, “सर, दोन पेशीला मिठानं काय दुखतंय?” मीठ चेतापेशी मोजून मारत नाही. ते ओल्या कातडीतून पाणी ओढून घेतं आणि जीव सुकून मरतो. हळू मरतो, हे मी पाहिलंय.

राहिला मिठाचा सल्ला. सोयाबीनचा फडशा पाडणारी शंखी गोगलगाय जमिनीवरची, तिचा तळ्यातल्या गोगलगायीशी संबंध नाही. रोगाचं मात्र अर्धं खरं आहे. यकृतातला पर्णकृमी म्हणजे लिव्हर फ्लूक आपली वाढ लिम्नियाच्या भाऊबंदांत करतो आणि मग बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला चिकटतो. म्हशीच्या पोटात तो त्या गवताबरोबर जातो. तळ्यातली गोगलगाय मरेल एवढं मीठ टाकायचं तर मासे आणि पाणी दोन्ही जातील, आणि गवतावर आधीच बसलेला कृमी तिथेच राहील. पंढरपुरी म्हैस पाळणाऱ्याने पाणकडेचं ओलं गवत तिला घालू नये, शेण पाण्यात जाऊ देऊ नये, आणि जंताचं औषध कधी व किती द्यायचं ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारावं.