एक स्टार देण्याआधी एक मेसेज तरी करा

‘माल खराब आला की थेट एक स्टार द्या, विक्रेत्याला विचारत बसू नका’ हे ऑनलाइन खरेदीनंतर अभिप्राय कसा द्यावा यावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आम्ही सांगलीहून बेदाणे आणि हळद ऑनलाइन विकतो. गेल्या पावसाळ्यात एका ताईंचं पाकीट वाटेत फाटलं, बेदाण्यांना ओल लागली. त्यांनी फोटो काढून आधी आम्हाला कळवलं. दुसरं पाकीट पोचल्यावर चार स्टार दिले, पण पाकीट फाटल्याचंही स्पष्ट लिहिलं. बरोबरच होतं ते! तेव्हापासून आम्ही दुहेरी पिशवी वापरतो.

आणि पार्सलमध्ये ‘पाच स्टार द्या, पन्नास रुपये परत मिळवा’ अशा चिठ्ठ्या टाकणाऱ्या विक्रेत्यांबद्दल लेखात चकार शब्द नाही. पैसे देऊन मिळवलेले अभिप्राय छापू नयेत, असं ऑनलाइन अभिप्रायांसाठीचं २०२२ चं भारतीय मानक सांगतं. त्या चिठ्ठ्या आधी बंद व्हायला हव्यात.