आधी कपाट, मग दिव्याचा खांब

सी. एस. लुईसची नार्निया या जादुई जगाची सात पुस्तकं कथेच्या कालक्रमानं, म्हणजे जादूगाराच्या भाच्यापासून (‘द मॅजिशियन्स नेफ्यू’) वाचायला घ्यावीत, असं एका लेखात सुचवलंय. मला हे अजिबात पटत नाही. कपाटाचं पुस्तक (‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’) १९५० साली पहिलं आलं, भाच्याचं १९५५ साली, सहावं. ल्यूसी कोट बाजूला सारत कपाटात शिरते, पायाखाली बर्फ लागतो आणि रानात एकटाच दिवा जळताना दिसतो. तो खांब तिथे आला कुठून, हे आधीच ठाऊक असेल तर त्या क्षणाची मजाच गेली ना!

मी कपाटाचं पुस्तक नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलेल्या जुन्या प्रतीत वाचलं, मे महिन्यात. बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि पुस्तकात न संपणारा हिवाळा. ल्यूसीचा भाऊ एडमंड ज्या मिठाईपायी भावंडांशी दगाबाजी करतो, ती टर्किश डिलाइट म्हणजे आपली संत्रा बर्फीच असणार, असं मी धरून चालले होते. त्यामुळे त्याचा फार रागही आला नाही.

आता दहा वर्षांच्या भाचीला रोज रात्री त्याच पुस्तकातलं एक प्रकरण मराठीत सांगते. काल अस्लान हा सिंह मरून परत उठला, तेव्हा ती अंथरुणात ताडकन उठून बसली. भाच्याचं पुस्तक तिला दिवाळीच्या सुट्टीत देणार आहे, त्याआधी नाही.